दादाच्या तलवारीवरचा शिक्का

सेकी, १२ नोव्हेंबर १९८१

प्रिय फुमिएताई,

गेल्या आठवड्यात नागोयाला गेलो होतो. हिरामात्सु नावाचे एक संग्राहक वारले. त्यांच्या मागे युद्धकाळातल्या अकरा लष्करी तलवारी निघाल्या, काही बिनकागदाच्या. त्यांच्या पत्नीला त्या पारखून हव्या होत्या. तुला ठाऊकच आहे, हाताने घडवलेल्या पात्याला सरकारी कागद मिळतो, कारखान्यातलं पातं पोलीस कापून टाकतात.

सातव्या तलवारीची बांबूची खुंटी काढली, मूठ उतरवली आणि हात थांबला. आतल्या पोलादावर बाबांची सही होती. दुसऱ्या बाजूला कोरलेलं : नोरिकाझूसाठी, वसंत १९४३.

आपल्या दादाची तलवार, ताई. हिरामात्सुंनी ती कुठून मिळवली, ते बाईंनाही ठाऊक नाही.

सहीच्या वर मात्र कारखान्याचा बारीक शिक्का होता. पातं उजेडात धरलं. घड्या घालून ठोकलेल्या पोलादात लाकडासारख्या रेषा दिसतात, इथे एकही नव्हती. यंत्रावर लाटलेलं, तेलात विझवलेलं पातं. बाबांनी दादासाठी एकवीस दिवस भट्टी सोडली नाही, असं आई सांगायची. तू नातवंडांना अजून सांगतेस. मी तेव्हा शाळेसाठी गिफूला होतो, तू लग्न होऊन साप्पोरोला. आता आठवतं, दादाच्या श्राद्धाला आईने तो विषय काढला की बाबा उठून अंगणात जायचे. त्या वर्षी कोळसा आणि चांगलं पोलाद सगळं कारखान्याकडे वळवलं होतं. मुलाला युद्धावर रिकाम्या हाताने कसं पाठवणार होते ते?

मी तेच पातं पुन्हा पुन्हा उजेडात धरतोय हे पाहून बाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिक्का घासून टाका की. तुमच्याखेरीज कुणाला कळणार आहे?"

खरं सांगतो, कानस पिशवीत होती. मी ती हातातही घेतली. तीस वर्षांत पारखीची एक खोटी चिठ्ठी लिहिली नाही, त्या दिवशी लिहिली असती. पण शिक्क्याला कानस लावायची तर ती बाबांच्या अक्षरांवरूनही फिरणार होती. ठेवून दिली.

ही तलवार वाचणार नाही. पोलिसांकडे विनंती करून मी पंचवीस तारखेपर्यंत मुदत घेतली आहे. पातं यंत्राचं आहे, पण दादाचं नाव बाबांनी स्वतः कोरलंय, प्रत्येक रेघ दोनदा, त्यांच्या नेहमीच्या सवयीने. एवढं मी पारखी म्हणून लिहून देऊ शकतो. कापण्याआधी तू ये. त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरव. मला एकट्याला ती पोलिसांच्या हाती देववणार नाही.

तुझाच धाकटा,
तात्सुनोरी