ओबेडची खुर्ची

एल्क फोर्ड, ओहायो
८ एप्रिल १८२९

चि. लिअँडर यास केझाया आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शपथविधीच्या दिवशी नव्या राष्ट्राध्यक्षांच्या घरात तुम्ही मंडळी चिखलाच्या बुटांनी रेशमी खुर्च्यांवर चढलात, ते तू असं लिहिलंयस जणू गड जिंकला. जनतेचं राज्य आलं की नाही, ते त्या खुर्च्या पुसणाऱ्यांना विचार. इथं त्याच तुमच्या राष्ट्राध्यक्षांच्या, जनरलसाहेबांच्या नावानं निवडणुकीत चौकात उभारलेला तुमचा हिकोरीच्या लाकडाचा खांब अजून उभा आहे. सध्या त्याला शेळ्या बांधतात.

आता मुद्द्याचं. आपल्या पोस्टमास्तरची, ओबेड पेकची, खुर्ची जाणार अशी कुजबुज आहे. कुणीतरी वॉशिंग्टनला कळवलंय म्हणे, की तो जनरलसाहेबांच्या बाजूची वर्तमानपत्रं दडपून ठेवतो. तुझे आजोबा गेल्यावर दोन हिवाळे आपलं सरपण फोडलं तो हा ओबेड. फळीवर कोळशानं तुला अक्षरं शिकवली तोही हाच. बायको नाही, पोर नाही. त्या खुर्चीवर त्याचं पोट आहे.

तू तिथं नोकरी शोधतोयस. कसली, ते एकदाही लिहिलं नाहीस. दूध पिऊन मिशा पुसणारं मांजर मी ओळखते. सरळ विचारते, यात तुझा हात आहे का?

वेळेवर जेवत जा. पायमोजे ओले ठेवू नकोस.

तुझी आजी,
केझाया डोटी


वॉशिंग्टन
२ मे १८२९

ती. आजीस लिअँडरचा सा. न. वि. वि.

तुझ्या संशयानं फार लागलं. ओबेडकाकांविरुद्ध मी एक अक्षरही लिहिलेलं नाही, बायबलवर हात ठेवून सांगतो. पण आजी, काळ बदललाय. सरकारी खुर्ची म्हणजे कुणाचं वतन नव्हे. आळीपाळीनं साध्या माणसालाही संधी मिळावी, म्हणून तर आपण जनरलसाहेबांना निवडलं. ते एकटे आहेत आणि सगळे जुने बोके त्यांच्यावर टपलेत. आपली माणसं जागोजाग नसतील तर ते करणार काय?

इथं खाणावळीत एका पलंगावर तिघं झोपतो, तिघेही नोकरीचे उमेदवार. कर्नल हॉबार्ट म्हणून एक गृहस्थ आहेत, मंत्र्यांकडे त्यांची ऊठबस आहे. माझ्यावर त्यांचा जीव बसलाय. जेवताना मला गावाकडच्या गमती सांगायला लावतात आणि पोट धरून हसतात. माझं काम होईलसं दिसतं. झालं की आपल्या पत्रांना टपालखर्च पडणार नाही, बघच तू!

तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.

तुझा,
लिअँडर


एल्क फोर्ड
१९ जून १८२९

चि. लिअँडर यास. आशीर्वादाचं शेवटी बघू.

टपाल फुकट कुणाला, ते गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पोस्टमास्तरला. त्यामुळे हुकूम आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. ओबेडला काढलं, त्याच्या जागी तू.

ओबेडनं तो कागद माझ्या चुलीपाशी बसून वाचून दाखवला. वर्तमानपत्रांचं आहेच. खाली आणखी एक आरोप आहे, की सफरचंदाच्या सायडरचा पेला उंचावून त्यानं जनरलसाहेबांना नवा राजा म्हणून दीर्घायुष्य चिंतलं, आणि मुकुट कानावर घसरू नये म्हणून आत कापूस कोंबा, असं म्हणाला.

बोलला खरा. एकदाच. डिसेंबरात आपल्याकडे डुकरं कापली त्या दिवशी, माझ्या टेबलाशी. आपण तिघंच होतो. मी कुणाला सांगितलं नाही. ओबेड स्वतःची चुगली करणार नाही. आणि सगळ्यात मोठ्यानं तू हसला होतास.

अक्षर लिहिलं नसशील, मानते. तू नुसतं बोललास, लिहायला कर्नल होता. त्या बोलण्याचं पुढे काय होणार हे तुला आधी ठाऊक होतं की मागाहून कळलं, ते तुझं तू जाण. खुर्ची पुढे आली तेव्हा तू नको म्हणाला नाहीस, एवढं मला पुरे.

कचेरी गेल्यावर, ज्याच्या दुकानात ती होती त्या दुकानदारानं ओबेडला वरची राहती माडीही सोडायला सांगितली. त्याला मी तुझी खोली दिली. तुझी पेटी गोठ्यात आहे, कोरडी आहे. ओबेड म्हणतो, पोरगं आहे, सोडून द्या केझायाबाई. मी म्हटलं, तुमची खुर्ची गेलीय, ती तुम्ही खुशाल सोडा. माझं जे गेलंय त्याचं मी बघीन.

तू ये. खुर्चीवर बस, गाव टोपी काढून नमस्कारही करील. रविवारी जेवायला येत जा, दार बंद नाही. ओबेड तुझ्या समोरच बसेल. आम्ही दोघं पाऊसपाण्याचं बोलू, मक्याचं बोलू. त्यापलीकडे तुझ्यासमोर काही बोलणार नाही.

आशीर्वाद आहेत. दिलेले परत घेता येत नाहीत.

केझाया डोटी