पातळ की जाड

लातूर,
रविवार, ६ मार्च १९८३

चि. केरबास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू एस.टी.वर टाकून दिलेलं गाठोडं परवा पोचलं. सायकलीचे दोन पातळ टायर, दोन ट्यूबा, सोल्यूशनची डबी आणि आईनं घातलेली हळद. हमालानं दोन रुपये घेतले. एवढ्याशा ओझ्याला दीड पुष्कळ होता, पण हे टपाल वाटायला गेलेले आणि मी एकटी.

बाकी ठीक. नळाला चार दिवसांआड पाणी. सोमवारी सिद्धेश्वराला तांब्याऐवजी पळीभर वाहते. देव समजून घेतो.

वीस तारखेची लातूर-नांदेड शर्यत नक्की झाली. जिल्हा वेगळा झाल्यापासून इथल्या मंडळाला सगळ्यातच पहिलं यायचंय, आणि तुमच्या नांदेडच्या मंडळाला हरवल्याशिवाय ते पहिलं येणं यांना खरं वाटत नाही.

काल तुझ्या टायरांवरून ओसरीवर भांडण झालं. यांच्या संघातला मलप्पा म्हणाला, "शेषेराव, मेव्हण्यानं डाव टाकलाय. चारा न्हाई म्हणून चाकूरच्या पुढं शेळ्यांसाठी बाभळी छाटल्यात. रस्ताभर काटे. जाडच घाला. चाक जड पळंल, पण थांबायचं काम न्हाई."

"केरबा असलं करणारा न्हाई," हे म्हणाले. "पण जाडच बरे."

मी आतूनच म्हटलं, पातळ घाला, सपाटीला वेग मिळेल. मलप्पा हसला, "वैनी, भाकरी थापता थापता शर्यत कळायला लागली की!" हेही खूश झाले. लगेच तुझे टायर चढवले.

केरबा, वेगाचं मला काय करायचंय? जाड टायरवर हे नांदेडपर्यंत थांबणार नाहीत. पातळ असले तर काटा लागेल, खाली बसून ठिगळ लावावं लागेल. तेवढाच श्वास.

संक्रांतीनंतर टपाल वाटताना हे भर बाजारात सायकलीवरून पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं, हृदयाची झडप खराब आहे. टपाल सावकाश वाटा, शर्यत विसरा. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "कुणाला बोलायचं न्हाई. पोरांना कळलं तर मला पाणी वाटायला जीपमधी बसवतील." तेव्हापासून मी गप्प आहे. आईलाही लिहिलं नाही.

आजवर कोणाच्या वाटेवर काटे मागितले नव्हते. आज सकाळी देवापुढे तेच मागून आले. घरी आल्यावर कळलं, मागणंच चुकलं. हे ठिगळ लावत बसतील तोवर तू दोन मैल पुढे जाशील, आणि तुला गाठायला हे जीव तोडून पायडल मारतील. इतर कोणी पुढे गेलं तर यांना काही वाटत नाही. यांची नजर फक्त तुझ्या मागच्या चाकावर असते.

म्हणून तुझ्याकडे मागते. हे थांबले की तूही थांब. काटा लागला म्हण, साखळी उतरली म्हण. पुढेही यांना धाप लागणार नाही इतकंच मार. दोनदा जिंकलास, तिसऱ्यांदा जिंकलास की फिरती ढाल तुमच्या मंडळाकडे कायमची राहणार, हे मला माहीत आहे. तुझी पोरं तुला बोल लावतील. तरीही मागते.

हे पत्र यांच्या टपालात नको म्हणून शेजारच्या नागुबाईच्या हाती देते आहे. ती लेकीकडे नांदेडला निघाली आहे. उत्तर मात्र साध्या कार्डावर लिही. ते यांच्याच हातून येईल आणि हे सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतील. माझं ऐकणार असशील तर एवढंच लिही, "आम्हीही पातळच घालतोय." नसशील तर "जाड" लिही. मी रागावणार नाही. पण मग मला मलप्पाला सगळं सांगावं लागेल, आणि हे माझ्याशी पुन्हा कधी मोकळं बोलतील असं वाटत नाही.

उलट टपाली लिही, केरबा. काहीही लिही, पण लिही.

तुझी अक्का,
तारामती