बेटावर जग गप्प बसलं ती संध्याकाळ

मास्तर, मी समुद्रातल्या बेटावर जाऊन आलो. तुम्ही असता तर आधी नकाशा पुढं सरकवला असतात आणि म्हणाला असतात, "दाखव कुठं ते." मला पटकन दाखवता आलं नसतं. लक्षद्वीपातलं एक आहे. कोचीहून जहाजानं एक रात्र आणि वर बराचसा दिवस लागतो. रुंदी एवढीच, की एका काठाला उभं राहून खणखणीत हाक मारली तर दुसऱ्या काठाला कुणीतरी वळून बघेल. तिथून रेडिओवर बोलणारं एरवी कुणी नसतं, म्हणून जगातले हौशी रेडिओवाले त्या बेटाची वर्षानुवर्षं वाट बघत असतात. कुणीतरी यंत्र घेऊन तिथं जावं आणि आपली हाक तिथवर पोचावी, बस एवढंच. आपल्या बेळगाव-निपाणीकडचे सात जण दहा दिवसांसाठी गेले आणि त्या सातांत मी होतो. हे लिहितानाही मागं वळून बघतो, कुणी हसत तर नाही ना म्हणून.

मला नेलं ते पाईपांसाठी. अँटेना उभी करायचे ॲल्युमिनियमचे पाईप एकात एक बसतील आणि वाऱ्यात हलणार नाहीत असे जोड मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथपाशी बसून करून घेतले होते. आमच्या गटाच्या पुढारी म्हणजे इथल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या एक मॅडम. तुम्ही गेल्यावर त्यांनीच दोन हिवाळे मला पुस्तकातलं समजावून परीक्षेला बसवलं, आता तीत मोर्स ऐकावं लागत नाही, आणि म्हातारपणी माझ्या हातात रेडिओचा परवाना आला. निघायच्या आधी मी सगळ्याचा घोर लावून घेतला. बेटावर जायच्या परवानगीसाठी माझ्यावर गुन्हा नाही असा दाखला पोलीस ठाण्यातून आणायचा होता, तर गुन्हा नसूनही मी बाकावर अंग चोरून बसलो. जहाज लागेल का, जोड गंजतील का, पाईप रेल्वेत कुणी उतरवून घेईल का. पण खरी भीती निराळी होती आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. माझा उजवा कान गेलाय, मास्तर. डावा निम्मा उरलाय. कारखान्यात उभा जन्म काढल्यावर दुसरं काय होणार. तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. समोरचा बोलायचा थांबला की मान हलवायची. सून काही सांगते, मी मान हलवतो. डॉक्टर विचारतात, मी मान हलवतो. आणि गटाच्या यादीत माझ्या नावापुढं लिहिलेलं, मोर्स येतं. तिथं कुणी मला यंत्रापुढं बसवलं तर काय करायचं, ह्याच काळजीत मी कोचीपर्यंत खिडकीबाहेर बघत गेलो आणि काहीही बघितलं नाही.

तुम्ही मला उचललंत तेच मुळी ह्या कानासाठी. तेव्हा मी पोरसवदा, उद्यमबागेत ओतकामाचा माल तपासतोय. हातोडी मारायची, आवाज ऐकायचा, चांगला तो इकडं, खोटा तो तिकडं. तार ऑफिसातून सुटून तुम्ही सायकलवर येता. मोर्सची चावी टेबलावर सरकू नये म्हणून खाली बसवायला बिडाचा एक ठोकळा तुम्ही ओतून घेतलाय. मालक तो तुमच्या हातात देणार, तेवढ्यात मी जाता जाता त्यावर हातोडी टेकवतो.

"साहेब, ह्यो घेऊ नगा. आत हवा ऱ्हायलीया."

"तू आत जाऊन आलास काय रे?" तुमच्या मराठीला कानडीची चाल होती, शेवटचा शब्द वर जायचा.

"न्हाय जी. बसका बोलतोय."

मालक माझ्यावर खेकसले. तुम्ही मात्र तिथंच ठोकळा कापायला लावलात, आणि मधोमध हरभऱ्याएवढी पोकळी निघाली. कापलेला ठोकळा तुम्ही मालकांपुढं ठेवलात. मला म्हणालात, "उद्या तुझा कान माझ्या घरी पाठव. बाकीचा तू आला नाहीस तरी चालतंय."

तुमचं यंत्र स्वयंपाकघरात होतं, कारण अँटेनाची तार बाहेर काढायला तेवढी एकच खिडकी होती. मी सातवीपर्यंत शिकलेला, इंग्रजी अक्षरं धड ओळखता येत नव्हती. ती मला आधी आवाजानं कळली आणि चेहऱ्यानं मागाहून. ऐकलेलं मी वहीत देवनागरीत उतरवायचो, जे, ए, तीन, असं. कुणीतरी हसलं, तर तुम्ही म्हणालात, कानाला लिपी नसते. चुलीपुढं आक्का, तुमच्या घरच्या, भाकरी थापत असायच्या. त्या थांबल्या तर बरं, असं मला वाटायचं, आणि तुम्ही नेमकं त्याच वेळी शिकवायला घ्यायचात. "थापेकडं लक्ष देऊ नको. थापेच्या पलीकडं काय वाजतंय ते सांग." मी चुकलो की आक्का कानडीत करवादायच्या, "साकु!" पुरे आता, त्या पोराच्या पोटात सकाळपासून काही नाही आणि तुमचं आपलं टकटक टकटक. मग पहिली भाकरी माझ्या ताटात पडायची, तुमच्या नाही. परवान्याच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झालो तेव्हा मी वही फाडायला निघालो होतो. तुम्ही हातातून घेतलीत आणि इतके रागावलात की मराठी सोडून कानडीत गेलात. मला त्यातलं एवढंच कळलं, की नापास मी लिहिण्यात झालोय, ऐकण्यात नाही.

बेटावर पाऊल ठेवलं तेव्हा मला पहिल्यांदा पाणी कळलं. आपण पाणी बघतो ते राकसकोपच्या तळ्याचं, जांबोटीकडच्या ओढ्यांचं, लाल नाहीतर हिरवट. हे पाणी काठाला रंगच नसलेलं, थोडं पुढं गेलं की निळसर काच, आणि पार पलीकडं, जिथं लाटा खडकावर फुटून पांढरी रेघ धरतात, तिथून पुढं एकदम गर्द. मी चपला हातात घेऊन उभा राहिलो. मॅडम म्हणाल्या, "काका, पाईप उतरवायचेत." मी मान हलवली आणि उभाच राहिलो. आम्ही पाईप अगदी पाण्याच्या ओळीला लावले, भरतीला त्यांच्या पायाशी पाणी येईल असे. खाऱ्या पाण्यावरून रेडिओची लहर घसरत लांब जाते म्हणे. दोर बांधायला तिथला एक माणूस माडावर चढला, म्हणजे मी डोकं वर करेपर्यंत तो वर होता. जोड टिकले. वारा सुटला की पाईप वेताच्या छडीसारखे लवायचे आणि परत ताठ. पहिले चार दिवस मी रोज पहाटे उठून एकेका जोडाला हात लावून यायचो, गोठ्यात जनावरांना लावावा तसा.

मोर्सचा आमचा खरा गडी निपाणीचा, बँकेतून निवृत्त झालेला. सहाव्या दिवशी त्याला ऊन बाधलं आणि तो आडवा झाला. दिवस मावळायच्या सुमाराला लांबचे आवाज सर्वांत चांगले येतात, आणि नेमकी तीच वेळ झाली होती. मॅडमनी तंबूतून हाक मारली, "काका, या. बसा."

"मला न्हाय जमायचं, मॅडम."

"परवाना काय शोकेसात लावायला काढला होता? बसा. तुम्ही अक्षरं बोला, मी कॉम्प्युटरवर टाईप करते."

मी हेडफोन चढवले. मास्तर, काहीतरी मोहोळ उठल्यासारखं होतं, लांबून. त्याच्या आत एकही अक्षर नव्हतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"कोण आलं?"

"आलंय."

"कोण, काका?"

मी समुद्राकडं बघत बसलो. त्यांनी माझा एक हेडफोन बाजूला केला आणि कानाजवळ येऊन म्हणाल्या, "परवा मी दोर मागितला, तुम्ही मान हलवलीत आणि बिस्किट खात बसलात. मला वाटलं रुसलाय. कुठला कान?"

"उजवा. डावाबी निम्माच."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं असतं तर आणलं असतंत?" मी विचारलं.

"पाईप कानानं उभे केले काय तुम्ही? आणलंच असतं की!" त्या हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी यंत्रावरचं एक बटण फिरवायला सुरुवात केली. आवाज खाली खाली येत गेला, टिटवीचा बेडूक व्हावा तसा. "बारीक आवाज गेला असेल तुमचा, जाड राहिला असेल. कुठं थांबू ते सांगा." आणि एका जागी मोहोळ फुटलं आणि आतून माणसं बाहेर आली.

मला हे नीट सांगता येणार नाही. एकाच वेळी शेकडो जण आपापलं नाव, रेडिओवरचं, अक्षरं-आकड्यांचं, ठोकत होते. जपानातले, फिनलंडातले, ब्राझीलमधले, कुणी सावकाश, कुणी घाईत, कुणाचा हात जड, कुणाचा पाखरासारखा. त्यांना माझ्याकडून काहीही नको होतं. कुठल्या जातीचा, कोणती भाषा, गाव महाराष्ट्रात पाहिजे का कर्नाटकात, काही नाही. आपलं नाव त्या वाळूच्या ठिपक्यावर कुणीतरी बरोबर ऐकलं, एवढं त्यांना हवं होतं. मी एकेक नाव उचलत गेलो, मॅडम टाईप करत गेल्या. भाकरीच्या थापांपलीकडून उचलायचो तसंच. डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मग सगळ्यांच्या खाली एक जण ऐकू आला. इतका बारीक, की आहे म्हणावं तर नाही. पहिली दोन अक्षरं कळली, पुढं गर्दीनं त्याला बुडवलं. माझी मान आपोआप हलणार होती. मॅडम म्हणाल्या, "कळलं नसेल तर विचारा की. विचारायला काय होतं?" मी ती दोन अक्षरं पाठवली आणि पुढं प्रश्नचिन्ह ठोकलं. रेडिओवर त्याचा अर्थ असा, की ह्या अक्षरांचा जो कुणी आहे त्यानं पुन्हा सांगावं, बाकीच्यांनी थांबावं. आणि मास्तर, ते थांबले. एकदोन चुकार सोडले तर सगळे. सगळं जग, जे तासभर माझ्या कानावर आदळत होतं, ते गप्प बसलं. नुसता समुद्राचा येतो तसा सूं आवाज राहिला आणि त्यात तो एकटा, अगदी लांब, आपलं नाव सांगत होता. तरी शेवटचं अक्षर येईना. मी परत विचारलं. परत. पाच वेळा विचारलं. कुणी चिडलं नाही, कुणी मध्ये घुसलं नाही. त्याला स्वतःलाही राग नव्हता, प्रत्येक वेळी तो थोडं सावकाश पाठवायचा. पाचव्यांदा अक्षर आलं. मी त्याचं पूर्ण नाव परत पाठवलं, त्यानं आभार मानले, आणि मग गर्दीचा बांध परत फुटला. बाहेर सूर्य पाण्याला टेकला होता. मी मॅडमना म्हटलं, "ते थांबले." त्या म्हणाल्या, "थांबतातच काका. सगळ्यांवर कधी ना कधी ती वेळ आलेली असते."

परत आल्यापासून घरात मी आता विचारतो. सून म्हणते, मामंजींचं काय झालंय, एका गोष्टीला चार वेळा "काय म्हणालीस?" करतात. म्हणू दे तिला. पण तुमच्यापुढं मला मान वर करता येईना, म्हणून हे कागद घेऊन बसलो. हे कुणाला दाखवायचे नाहीत, आणि पाठवायचं म्हटलं तरी कुठं पाठवणार.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुमची वाचा गेली होती. दुपारची वेळ. वॉर्डात ट्रॉलीची खडखड, शेजारच्या खाटेवरचे पाहुणे मोठ्यानं बोलतायत. तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि उजव्या हाताच्या बोटानं खाटेच्या लोखंडावर ठोकायला लागलात. बराच वेळ ठोकलंत, सावकाश, अक्षर सोडून सोडून. माझा कान तेव्हाच गेला होता आणि तुम्हाला ते माहीत नव्हतं. मी वाकलो, खाटेला डावा कान लावला, तरी मला एकही अक्षर लागलं नाही. तुम्ही थांबून माझ्याकडं बघितलंत. मी मान हलवली. तुमचा चेहरा एकदम सैल झाला आणि तुम्ही डोळे मिटलेत. तिथं शेकडो जण नव्हते, मास्तर, एकटे तुम्ही होता, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

बाहेर आक्का उभ्या होत्या. त्यांनी कानडीत विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, "आक्कानं लई केलं माझं, असं म्हणाले." त्या तिथंच भिंतीला टेकल्या, आणि पुढं जगल्या तोवर येईल त्याला ते सांगत राहिल्या. ते वाक्य माझं होतं. तुमचं काय होतं ते मला माहीत नाही.