आनंदराव आणि पार्टी

९ नोव्हेंबर

लांब आर्म बसला एकदाचा! सकाळपासून स्क्रू, पट्टी, भिंग. आता रेकॉर्ड फिरवणाऱ्या एकाच टर्नटेबलवर सुई धरणारे दोन हात – बाजूला जुना छोटा, मागे हा नवा लांब. मेघा चहा ठेवून म्हणाली, "एक रेकॉर्ड अन् तिच्यावर दोन हात. भांडण लागन ना." बायकोने थट्टा केली म्हणजे परवानगी दिली असं मी धरतो.

लांबवर माझं नेहमीचं, जाड आवाजाचं कार्ट्रिज, म्हणजे सुईची डबी. छोट्यावर माझ्या मित्राचं, मधुसूदनचं उसनं. नागपूरच्या प्रताप नगरहून इथे बेसापर्यंत तो ते छातीशी धरून घेऊन आला, तान्हं लेकरू आणावं तसं. आणि लावलं काय, तर बाबांचीच रेकॉर्ड.

दुसरं लावणार काय? तिच्यासाठीच तर हा सगळा उपद्व्याप. बाबा गेले तेव्हा मी रांगत होतो. फोटो एकच, आवाज एवढाच – त्यांच्या गायन पार्टीची दोन भीमगीतं, छोटी तबकडी, लेबलवर ‘आनंदराव आणि पार्टी’. दुसरी प्रत कोणाकडे सापडली नाही. तीस तारखेला बाबांचा स्मृतिदिन, घरी सगळे जमतील. त्याआधी चांगल्या सुईवरून ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. कोणत्या सुईवरून, एवढंच ठरवायचंय.

१० नोव्हेंबर

ठरत नाही.

१३ नोव्हेंबर

लांबवर बाबा भारदस्त. छाती भरून गाणारा माणूस समोर येऊन उभा राहतो, बाकीची पार्टी मागे सरकते. छोट्यावर तोच आवाज बारीक, किंचित नाकातला. शब्द मात्र सुटे, श्वास घेतलेलासुद्धा कळतो. दोघांतले खरे बाबा कोणते?

मधुसूदन म्हणाला, "बारीकवाला खरा गा. तुया मोठ्या आर्मनं त्यायले पैलवान करून टाकलं." मला रागच आला. त्याने वडिलांच्या शिव्या चाळिशीपर्यंत खाल्ल्या. त्याला काय पडलंय खऱ्याखोट्याचं!

१६ नोव्हेंबर

छोट्या आर्मची मागची बाजू केसभर खाली घेतली. आवाज जरा भरला. आणखी खाली – घोगरा. पुन्हा वर. स्वयंपाकघरातून मेघा, "काहून इतकं घासता? झिजून राहिली ना ते."

खरं आहे. दर वेळी थोडी झिजतेच. बाबांना ऐकून ऐकून पुसून टाकणारा पोरगा मीच निघायचो. हात मांडीखाली दाबून बसलो थोडा वेळ. मग पुन्हा लावली.

१७ नोव्हेंबर

दाढी करताना तेच गाणं म्हणून पाहिलं. माझा आवाज नाकातला आहे. म्हणजे मधुसूदन बरोबर?

मग मला लांबच का आवडतो? इथे कोण वाचतंय, लिहून टाकतो – मला बाबा माझ्यासारखे नको आहेत. मोठे हवेत. सभेत उठून उभे राहिले की लोक गप्प बसत असतील, असे.

हे लिहून बरं वाटलं नाही.

२१ नोव्हेंबर

आईलाच विचारावं का? तो आवाज प्रत्यक्ष ऐकलेलं घरात दुसरं आहे कोण? पण ही रेकॉर्ड लागली की ती उठून गच्चीवर जाते. मेघा म्हणते, "त्रास होत असन आईले. राहू द्या." मी आजवर राहूच दिलंय.

२४ नोव्हेंबर

मधुसूदनला कार्ट्रिज परत हवंय. मी त्याचा फोन उचलला नाही. जेवणात मीठ नाही म्हणून मेघावर ओरडलो. मीठ होतं.

२७ नोव्हेंबर

आज आईला हात धरून बसवलं. म्हटलं, फक्त सांग, बाबांसारखा कोणता. आधी लांब लावला, मग छोटा. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. संपल्यावर टोक सोडलं. मी पुन्हा विचारलं.

"दोन्ही प्रेमानंदच होय," ती म्हणाली.

कोण प्रेमानंद?

"पार्टीतला. कामठीचा. तुया बाबाचा गळा बसला होता त्या दिवशी. रेकॉर्डवाला थांबून नाही राहिला. मंग प्रेमानंद गायला. पार्टी तुया बाबाची, म्हणून नाव त्यायचं टाकलं."

मला आधी कळलंच नाही ती काय बोलतेय. पार्टीला म्होरक्याचंच नाव असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! पण नाव त्यांचं म्हणजे गळाही त्यांचाच, असं धरून मी म्हातारा होत आलो.

इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, म्हटलं.

"तू लहानपणी ते रेकॉर्ड उशाशी घेऊन झोपे. कसं सांगू बाबू?"

म्हणून ती गच्चीवर जायची. माझ्या तोंडाकडे बघणं नको म्हणून.

मग बाबा कुठे होते त्या दिवशी?

"होते ना तेथंच. झांज वाजवून राहिले होते."

मला रडू आलं. या वयात, आईपुढे, मेघापुढे. कोणासाठी ते नक्की सांगता येत नाही.

२८ नोव्हेंबर

लांब आर्मवर गळा इतका पुढे येतो की झांज दबूनच जाते. काढून ठेवला. छोट्यावर झांजेचा एकेक ठोका वेगळा; कॉम्प्युटरवर उतरवायची ती यावरूनच. हाताला जरा घाई आहे बाबांच्या. आई शेजारी येऊन बसली. शेवटपर्यंत ऐकलं, म्हणाली, "आता हे रेकॉर्ड त्यायचं होय."