सर्वाधिक लोकप्रिय सायकल आणि तिचा ब्रेक

प्रति,
मा. प्रवासनोंद अधिकारी,
नगरसायकल सेवा, कोलकाता

विषय : बालीगंज स्टँडवरील सायकल क्र. ४१७ चा ब्रेक दुरुस्त करणे व अर्जदाराचा सत्कार रद्द करणे.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचा अभिनंदनाचा संदेश.

महोदय,

गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून आपण, अडचण आली तर मराठीत लिहा, असे सांगितले होते. इंग्रजी तक्रारींना उत्तर आले नाही आणि अर्जदाराला मराठीतच नीट रागावता येते, म्हणून हा अर्ज.

१. सदर सायकलीचा ब्रेक लागत नाही. जो तो ती बाहेर काढतो, ब्रेक दाबून पाहतो आणि मुकाट्याने परत लावतो. आपल्या यंत्रणेत ही प्रत्येक खेप एक फेरी म्हणून मोजली जाते. धडधाकट सायकल मात्र दिवसभर एकाच माणसाकडे राहते, म्हणून ती नावडती ठरते. या न्यायाने ४१७ शहरात पहिली आली आणि विश्वकर्मा पूजेला आपण स्वहस्ते तिला झेंडूचा हार घातलात.

२. तो हार पाहूनच अर्जदाराची मुलगी नूपुर हिने दुसऱ्या दिवशी तीच सायकल घेतली. गरियाहाटच्या वळणावर ती बसपुढे पडली. मनगट मोडले. जीव वाचला तो बस ड्रायव्हरमुळे, आपल्यामुळे नव्हे. कोणा भल्या माणसाने सायकल स्टँडला नेऊन लावताच तिच्या मोबाइलवर 'आपली फेरी यशस्वीरीत्या पूर्ण झाली' असा संदेश आला. तेव्हा तिच्या हाताला प्लास्टर घालणे चालू होते.

३. स्टँडसमोर शाळा आहे. वरच्या वर्गातली मुले सुटल्याबरोबर सायकलींवर तुटून पडतात. म्हणून अर्जदार रोज शाळा सुटण्याआधी ४१७ स्वतःच्या नावावर काढते, पदर खोचून ढकलत घरी आणते आणि मुले पांगली की परत लावते. शेजारपाजारचे तिला वेडी समजतात.

४. आपल्या कार्यालयाने मात्र तिला 'आदर्श सायकलस्वार' ठरवले आहे. एवढी मागणी पाहून ४१७ च्याच जोडीच्या जुन्या सायकली या स्टँडवर पाठवणार असल्याचेही कळवले आहे. रविवारी शाल-श्रीफळ आहे म्हणे.

साहेब, काढल्याबरोबर परत लावलेल्या फेऱ्या तेवढ्या वेगळ्या काढा. शहरातली प्रत्येक मोडकी सायकल तुम्हाला खुर्चीत बसल्या बसल्या सापडेल. एवढेही होत नसेल तर ते आकडे गोळा तरी कशाला करता?

आजपासून ४१७ अर्जदाराच्या जिन्याखाली कुलपात राहील. मेकॅनिक घेऊन या, नाहीतर पोलीस घेऊन या. शाल मात्र आणू नका. अर्जदाराला सायकल चालवता येत नाही.

आपली, अजूनपर्यंत नम्र,
सौ. सुलभा चारुदत्त मिराशी
बालीगंज, २० नोव्हेंबर २०२५

सोबत : १. नूपुरच्या मनगटाच्या एक्स-रेची प्रत. २. झेंडूचा हार, सुकलेला.