आत्याने चिकटवलेला तुकडा

४ मार्च
विषाचं प्रकरण लिहून संपवलं. पोटातलं आर्सेनिक काचेच्या नळीत काळा डाग होऊन बसतं — वाचकांना आवडेल. प्रयोगशाळेला पन्नास वर्षं झाली, म्हणून गुन्हेशोधाच्या शास्त्राचा इतिहास लिहून मागितलाय. महिनाअखेर मुदत. बोटांचे ठसे झाले. रक्त उरलं. म्हणजे आत्या उरली! रक्तगट तपासण्यात तिची तिथे तीस वर्षं गेली.

७ मार्च
प्रयोगशाळेत आत्याच्या जुन्या फायली चाळल्या. प्रत्येकीत तपासलेल्या कापडाचा तुकडा चिकटवलेला. ‘साहेब म्हणायचे, बाई, ही फाईल आहे की शिंप्याचं दुकान!’ घरी हे सांगताना आत्या खोकला येईपर्यंत हसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

एका फायलीत एका ड्रायव्हरच्या शर्टाचा तुकडा. त्याच्या मालकाचा खून झाला होता. शर्टावरचं रक्त मालकाच्या गटाचं. ड्रायव्हर म्हणत राहिला — माझंच आहे, घोळणा फुटला होता. कोर्टाने आत्याचा अहवाल ग्राह्य धरला, जन्मठेप दिली. तेवीस वर्षं झाली. अजून आत आहे.

रक्त नक्की कुणाचं, ते आता डीएनएवरून कळेल. एवढ्याशा तुकड्यावरूनही.

८ मार्च
काही लिहिलं नाही.

११ मार्च
प्रयोगशाळेच्या संचालकांना तुकड्याचं सांगितलं. ‘समारंभाच्या वर्षी ही नसती उठाठेव कशाला, मॅडम?’

घरी आत्याला विचारलं. तिने चष्मा पुसला. मग — ‘तुझं तू बघ.’ मला तिनेच वाढवलं. रक्त मालकाचं नसलं तर तिचं नाव जाईल. तुकडा तसाच ठेवला तर तो माणूस आतच मरेल. दोन्ही वाक्यं लिहून पाहिली. काहीच वाटलं नाही.

ड्रायव्हरच्या वकिलाला फोन केला.

२ एप्रिल
कोर्टाच्या आदेशाने तुकडा तपासायला गेला. पुस्तक वेळेत छापायला गेलं — रक्ताच्या प्रकरणाशिवाय. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१९ मे
अहवाल आला. रक्त ड्रायव्हरचंच. वकील फोनवर रडला. मी ‘बरं’ म्हटलं.

२० मे
आत्याला सांगितलं.

‘त्याचाही गट तोच होता गं. मीच तपासला होता. कोर्टात मला फक्त मालकाचा विचारला.’

मग म्हणाली, पंखा कमी कर. केला.