डावीकडची लाल फीत

पेनिश, रविवार

प्रिय इडालिना,

तुझे गुडघे कसे आहेत? जावईबापूंचा खोकला थांबला का? धाकटी नात आता चालत असेल. आम्ही बरे आहोत, आणि या वेळी हे रीत म्हणून लिहीत नाही.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून तुझी ताई ताटातले उजवीकडचे सार्डिन मासे खायची, डावीकडचे तसेच ठेवायची आणि मलाच टोमणा मारायची, "हात आखडता घेतलास का रे, म्हाताऱ्या?" तपासणीत ग्रासा डॉक्टरीणबाईंनी तिला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसले. बाई म्हणाल्या, "डोळे शाबूत आहेत, मेंदू डावीकडे बघायचं विसरतोय. आपण त्याला आठवण करून देत राहू." मग, ज्या उशीवर ती दोऱ्याच्या रिळांनी लेस विणते, त्या उशीच्या डाव्या कडेला त्यांनी लाल फीत टाचली. फीत दिसेपर्यंत मान वळवायची, मगच रिळांना हात लावायचा.

लग्नापासून मी दारात तिच्या डाव्या हाताला बसतो. हिवाळाभर ती मला हाका मारायची आणि मी शेजारीच असायचो.

काल तिने फीत शोधली, लेसची डावी कड सुबक विणली, मान आणखी थोडी वळवली आणि म्हणाली, "दाढी कधी करणार आहेस?"

मी गल्लीभर छाती फुगवून सांगत फिरलो.

आता ती म्हणते, "माझ्या बहिणीला मी लिहीन." म्हणून तिचं पत्र तुला पोचेपर्यंत हे खणातच राहील. तिच्या पत्रात ओळी डाव्या कडेपासून सुरू झालेल्या तुला दिसल्या असतील. तिला लगेच उत्तर लिही.

तुझा दाजी,
आबिलियु